कारवॉल्टची घंटा

१

बुधवारी रात्रभर टॅम्सिनचा डोळा लागला नाही, आणि कारण सांगितलं असतं तर कुणीही हसलं असतं. संध्याकाळी जेवताना मेरिनने चमच्याने ताटाच्या काठावर तीन ठोके दिले, जरा थांबली, मग आणखी एक दिला. मग मान तिरकी करून वाट पाहत बसली, कुणीतरी उत्तर देणार असल्यासारखी. टॅम्सिनने उत्तर दिलं नाही. वाटाणे संपव, म्हणाली. आणि मग रात्रभर छताकडे बघत विचार करत राहिली, की आपण उत्तर द्यायला हवं होतं का. पहाटे पहाटे त्याहून वाईट शंका आली: पोरगी तेव्हा नक्की आपल्याकडेच बघत होती ना?

मेरिन तीन आठवड्यांनी चार वर्षांची होणार होती आणि बोलत नव्हती. दीड वर्षाची असताना तिच्याकडे नऊ शब्द होते. टॅम्सिनने ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले होते. पुढच्या हिवाळ्यात ते एकेक करून गेले, दुधाचे दात पडावेत तसे, फक्त मागून नवे आले नाहीत. तेव्हापासून तिच्या गळ्यातून रडण्याखेरीज आवाज नाही, आणि रडायचीही ती क्वचित. कान तपासून झाले होते, उत्तम होते. समज तर अशी की बिस्किटांचा डबा कितीही उंचावर ठेवा, तिला सापडायचाच. तज्ज्ञांकडे नाव घातलं होतं, अकरा महिन्यांची रांग होती. तोवर घरात भरपूर बोलत राहा, असं आरोग्यसेविकेने सांगितलं होतं. म्हणून टॅम्सिन दिवसभर बोलायची, मोज्यांशी, टोस्टशी, गळक्या नळाशी. नवरा जोरी मालवाहू जहाजावर असायचा, सहा-सहा आठवडे. तो एकदा फोनवर म्हणाला, अगं, पोरीला मध्ये शिरायला फट तरी ठेव. तो विनोद होता. टॅम्सिनला तो तीन रात्री पुरला.

विद्यापीठात तिने भाषाशास्त्राचे दोन पेपर दिले होते. त्यांचा आजवर झालेला एकमेव उपयोग म्हणजे घाबरायला लागणारे शब्द तिला इतर आयांपेक्षा जास्त माहीत होते.

२

त्या ठोक्यांना अर्थ होता, आणि ते मेरिन कुठे शिकली हेही टॅम्सिनला ठाऊक होतं. गेल्या वसंतात पोलग्रीनच्या बाजारात पोरीला जोरात शू लागली आणि दार उघडं दिसलं ते फक्त मेथडिस्ट चॅपलच्या मागच्या सभागृहाचं. आत शिरल्या, काम उरकलं, बाहेर पडताना मेरिन थांबली ती थांबलीच.

सभागृहभर, कमरेच्या उंचीवर, बावीस फूट लांब एक जग पसरलं होतं. लॅनवेदर स्टेशन, सत्तर वर्षांपूर्वी होतं तसं. पेराएवढी माणसं, दुधाचे कॅन, सायकलवरचा पाद्री, एक मेंढी रुळांच्या फार जवळ. आणि त्यातून वाफेच्या इंजिनाची एक छोटी गाडी अशा सावकाशीनं येत होती, जणू तिला पोचायचं होतं पण घाई नव्हती. टॅम्सिनने आजवर समजूत करून घेतली होती की हे असलं खेळणं म्हणजे बायकोला टाळायचा मार्ग. पहिल्याच दिवशी कळलं की इथली सर्वांत तरबेज ड्रायव्हर हेझल होती, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेली. तिने बटण फिरवलं की गाडी फलाटाला लोणी लावल्यासारखी लागायची.

दुसरा डिग्बी, निवृत्त दंतवैद्य. पाठीमागच्या पडद्याआड गाड्या रचून ठेवायच्या आणि वेळापत्रकाप्रमाणे पाठवायच्या, हे त्याचं काम. आणि कुणाच्याही इंजिनाचा हिरवा रंग कसा चुकला आहे हे सांगणं, ही त्याची सेवा. आयुष्यात एकाही मॉडेलचा रंग त्याने बरोबर म्हटला नव्हता. हेझल म्हणायची, याच्या लग्नातही हा वधूच्या पोशाखाला म्हणाला असणार, पांढरा जरा पुढच्या दशकातला वाटतो.

आणि क्लेम. क्लेमेंट ट्रेंबाथ, वय ऐंशी, त्यातली चव्वेचाळीस वर्षं मुख्य मार्गावर सिग्नलमन. त्याचा एकच नियम होता आणि तो सगळे पाळत: गाड्या चालू असताना तोंड बंद. सिग्नलच्या खऱ्या केबिनीतला माणूस शेजारच्या केबिनीपासून मैलोन् मैल दूर. त्यांचं सगळं बोलणं घंटांवर चालायचं, तसंच इथे चालणार. एरवी मिनिटभर गप्प न बसणारी ती माणसं शनिवारी सकाळी दोन तास अक्षर बोलत नसत. टण्. टण्. टणटणटण्, टण्.

मेरिनला असं वाटलं असावं की अखेर कुणीतरी शहाणं भेटलं.

दर शनिवारी त्या दोघी येऊ लागल्या. क्लेमने तिच्यासाठी स्टूल बनवलं, घंटेच्या पितळी कळीवर बोट कसं ठेवायचं ते दाखवलं. एक ठोका म्हणजे, लक्ष आहे का. समोरून एक ठोका आला की आहे. तीन आणि एक म्हणजे, साधी पॅसेंजर आहे, घेतोस का. घ्यायची असली तर तेच ठोके जसेच्या तसे परत करायचे. मग दोन ठोके: निघाली. मेरिन पंधरा दिवसांत शिकली. चूक झाली तर खदखदून हसायची, आवाज न करता, सगळं अंग हलवून. घरी जाताना पिशवीत हेझलच्या जॅम-क्रीमच्या केकचा तुकडा असायचा, आणि आठवड्यातले तेवढे दोन तास टॅम्सिन पोरीच्या ओठांकडे बघणं विसरून जायची.

एकदा तिने क्लेमला विचारलं, की गाडी नको असली तर काय वाजवायचं.

"काही नाही, लाडके," क्लेम म्हणाला. त्या भागात पोस्टमनलाही लाडके म्हणतात. "नको म्हणायला घंटा नाही. गप्प बसायचं. समोरचा समजतो. थोड्या वेळानं परत विचारतो."

टॅम्सिनला तेव्हा ते फार गोड वाटलं. घरी पोचेपर्यंत कमी गोड वाटायला लागलं. दोन वर्षं आपली मुलगी गप्प आहे. कुणाला नको म्हणते आहे?

३

क्लेमच्या फळीवर घंटा दोन होत्या. एक डिग्बीची, तार लावलेली, कामाची. दुसरी शोभेची. लॅनवेदरच्या पुढे बोगदा होता आणि बोगद्यापलीकडे, सत्तर वर्षांपूर्वी, कारवॉल्टची केबिन. ती केबिन पाडली तेव्हाची तिची खरी घंटा क्लेमने भंगारवाल्याकडून उचलून आणली, पितळ घासूनपुसून चकचकीत केलं आणि जागच्या जागी बसवली, कारण तिथे एक घंटा असायला हवी. तिला तार नव्हती. लावणार कशाला? देखाव्यातला बोगदा वीतभर आत जाऊन एका फळीला थडकत होता. फळीमागे चॅपलची भिंत, भिंतीमागे खाटकाचं अंगण.

वाटाण्यांच्या त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी ती घंटा वाजली.

एकदाच. डिग्बीची घंटा किणकिणती, ही जाड, खालच्या सुराची. प्रत्येक केबिनीची घंटा वेगळ्या सुराची असते, म्हणजे मान न वळवता कळावं कोण बोलतंय. आणि क्लेमने मान वळवली नाहीच. वेळापत्रक वाचता वाचता त्याचा उजवा हात आपला आपण गेला आणि कळ एकदा दाबून आला. लक्ष आहे.

मग त्याने हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच आहे.

डिग्बी पडद्यावरून डोकावला, नियम मोडून हसला. म्हणाला, चव्वेचाळीस वर्षांची सवय बघा, याच्या शवपेटीवर कुणी टकटक केली तर हा आतून उत्तर देईल. हेझल म्हणाली, खाटकाची गाडी आली असणार, सगळी इमारत हलते. क्लेमही हसला. फळीखाली वाकून त्याने पाहिलं, टॅम्सिननेही पाहिलं. घंटेखाली तारेसाठी दोन भोकं होती आणि त्यांत कोळ्याचं जाळं, न तुटलेलं. टॅम्सिनला बरं वाटलं. जाळं म्हणजे पुरावा. कशाचा, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

सगळे हसत होते तेव्हा मेरिन एकटी बोगद्याकडे बघत होती. दाराशी कुणी आलं की घरातली माणसं ज्या चेहऱ्याने बघतात, तशी.

४

त्यानंतरच्या शनिवारी, म्हणजे झोप न आलेल्या बुधवारच्या तीन दिवसांनी, टॅम्सिन आधी जाणारच नव्हती. ओट्याशी उभं राहून तिने स्वतःला समजावलं: तुला चमच्याची भीती वाटते आहे, बाई, चमच्याची. तोवर मेरिन बूट घालून दारात उभी होती, उलटे, पण घालून.

अकराच्या सुमाराला कारवॉल्टची घंटा वाजली. एक.

या वेळी क्लेमचा हात निम्म्यात थांबला. खाटकाची गाडी नव्हती. टॅम्सिनने येताना मुद्दाम पाहून ठेवलं होतं. घंटा पुन्हा वाजली. तीन. जरा थांबून एक.

हेझलने गाडी फलाटावर थांबवली. क्लेमने दोन्ही हात उचलून छातीशी बांधले आणि गप्प बसला, धंद्यातल्या माणसाचं गप्प बसणं, ज्याचा अर्थ दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला कळतो. आणि त्या शांततेत टॅम्सिनला आवाज आला.

"हं."

मेरिनचा. बारीक, खरखरीत, वापरात नसलेल्या बिजागरीसारखा. ती स्टुलावर ताठ बसली होती, ओठ गोल झाले होते, काहीतरी तिथे येऊन थांबलं होतं. मग घंटा पुन्हा वाजली नाही आणि ते परत गेलं. ओठ मिटले.

टॅम्सिनने हातातला कप खाली ठेवला.

क्लेम उठला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्या घंटेकडे गेला. शांतपणे म्हणाला की पुढच्या शनिवारी लोकांसाठी सभागृह उघडं ठेवायचं आहे, लहान मुलं येतील, ही वस्तू तोवर काढून ठेवलेली बरी. कोण विचारतंय हे कळल्याशिवाय आपण कधी गाडी घेतली नाही, म्हणाला. पहिला स्क्रू निम्मा सुटलाही.

"राहू द्या ना, क्लेम," टॅम्सिन म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. तिने हसायचा प्रयत्न केला. म्हणाली, शोभेची तर आहे, किती छान दिसते, मेरिनला आवडते. मेरिनचा तो आवाज तिघांनीही ऐकला होता, आणि ती काय मागते आहे हे तिघांनाही कळलं होतं. हेझलने मान खाली घातली. क्लेमने स्क्रू परत आवळला, एकेक फेरा मोजून, आणि जागेवर जाऊन बसला.

घरी जाताना टॅम्सिन गाडीत मोठ्याने गात होती. लाल सिग्नलला आरशात बघून ती स्वतःलाच म्हणाली, कुठल्या आईने वेगळं केलं असतं, सांग.

५

उघड्या सभागृहाच्या दिवशी पोलग्रीन लोटलं. दारात छत्र्यांचा ढीग, आत ओल्या कोटांचा आणि ताज्या केकचा वास. एका आजोबांना देखाव्यात स्वतःचं बालपणीचं घर सापडलं आणि ते दहा मिनिटं येईल त्याला खिडकी दाखवत राहिले. एका बाईने डिग्बीला विचारलं, की या गाड्यांना ब्लूटूथ आहे का, तेव्हा तो पडद्याआड जाऊन खुर्चीवर बसला. कुणाच्या तरी मुलाने मेंढी उचलून खिशात घातली; आईने ती परत ठेवली, पण फलाटावर, पाद्र्याशेजारी, आणि तिथेच ती शोभून दिसली.

मेरिनच्या डोक्यावर हेझलने रेल्वेची जुनी टोपी घातली होती. कानांपर्यंत आलेली ती टोपी घालून मेरिन क्लेमशेजारी बसली होती आणि डिग्बीच्या घंटेला उत्तरं देत होती. बरोबर, ठाम, एकही चूक नाही. लोक बोटं दाखवून कौतुक करत होते. ही कोण हो, किती गोड, हिला एवढं सगळं कसं येतं. ती बोलत नाही हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं, कारण गाड्या चालवणारं कुणीच बोलत नव्हतं. टॅम्सिन चहाच्या टेबलामागे होती. दोन वर्षांत पहिल्यांदा आपली मुलगी एखाद्या खोलीतली सर्वांत हुशार व्यक्ती आहे, असं तिला वाटत होतं, आणि ते लपवायला ती बशा पुसत होती.

अडीच वाजून गेले होते.

टण्, जाड आवाजात.

गर्दीतल्या कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. घंटा दिवसभर वाजतच होत्या. क्लेमचे दोन्ही हात कोटाच्या खिशात गेले आणि तिथेच राहिले. मेरिनने मान वळवली नाही. तिचा हात गेला आणि कळ एकदा दाबली.

टणटणटण्. टण्.

टॅम्सिन दहा फुटांवर होती. मध्ये माणसं, पण मोठी हाक मारली असती तर पोचली असती. मेरिन, नको. इतकंच म्हणायचं होतं. नकोला इथे घंटा नाही, पण तिला तोंड होतं, दिवसभर मोज्यांशी बोलणारं. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात टोपीखाली मेरिनचे ओठ गोल झाले, मागच्या शनिवारसारखे, आणि गळ्याशी काहीतरी हललं.

टॅम्सिनने हाक मारली नाही.

मेरिनने बोट उचललं आणि नीट, सावकाश, शिकवल्याप्रमाणे परत दिलं. तीन. आणि एक.

काही क्षण गेले. मग पलीकडून दोन ठोके आले.

"घेतली तिने," क्लेम म्हणाला. नियम असूनही मोठ्याने म्हणाला.

६

टॅम्सिन माणसं बाजूला सारत पोचली तेव्हा क्लेम बोगद्याकडचा सिग्नल खाली करून गाडीला वाट देत होता. तिने त्याचा हात धरला. काय करताय. तो म्हणाला, घेतलेली गाडी दारात अडवून ठेवायची नसते, लाडके, त्याने जास्त वाईट होतं. त्याचा आवाज अगदी साधा होता. कारवॉल्टहून इथवर पॅसेंजरला सात मिनिटं लागायची, म्हणाला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

ती सात मिनिटं टॅम्सिनला पुढे कधी नीट सांगता आली नाहीत, कारण त्यांत काहीच झालं नाही. लोक चहा पीत होते. कुणीतरी विचारलं, आता पुढची गाडी कधी? हेझल म्हणाली, येतेय, येतेय, आणि बटणावरून हात काढून दोन्ही तळवे वर धरले, म्हणजे क्लेमला दिसावं की रुळांत वीज नाही. टॅम्सिनने मेरिनला उचलून न्यायला हवं होतं. तिने दोन्ही हात पोरीच्या खांद्यांवर ठेवले आणि तशीच उभी राहिली. बोगद्याच्या तोंडाशी वाकली, मेरिनच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिथे आत वीतभर अंधार होता आणि त्यानंतर फळी असणार होती. आजवर त्यात तिला फळी दिसत असे. आज अंधार फळीपाशी थांबत नव्हता.

आतून वारा आला. खाटकाच्या अंगणाचा नव्हे. काजळी, ओली लोकर, दगडावरचं पाणी.

मग ती आली. फार मोठा आवाज नाही, रुळांच्या सांध्यांवरची ठकठक, जवळ येणारी. काळसर हिरवं छोटं इंजिन, मागे तीन डबे, खिडक्यांत पिवळा उजेड. गर्दीतून एक आनंदाचा उद्गार उठला, नाटकात पडदा वर गेल्यावर उठतो तसा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. आजोबा नातीला उचलून दाखवू लागले. गाडी फलाटाला न थांबता, मेंढी आणि पाद्र्याच्या समोरून, पायी चालणाऱ्याच्या वेगाने जात राहिली.

टॅम्सिनचं नाक जवळजवळ रुळांवर होतं. डबे तिच्या डोळ्यांसमोरून गेले. खिडक्यांच्या काचा आतून वाफेने धुकटल्या होत्या, थंडीत पुष्कळ माणसं दाटीने बसली की होतात तशा. दुसऱ्या डब्याच्या तिसऱ्या खिडकीत आतून कुणीतरी हाताने काच पुसली. नखापेक्षाही लहान, गोल, स्वच्छ जागा. त्या जागेपाशी काहीतरी बाहेर बघायला येत होतं, आणि टॅम्सिनने डोळे मिटले.

उघडले तेव्हा पडदा हलत होता आणि टाळ्या चालू होत्या.

डिग्बी पडद्याबाहेर आला. त्याच्या हातात केकची बशी होती आणि चेहऱ्यावर असा आनंद, की त्याला कुणी कधी तसं पाहिलं नव्हतं. "तो रंग," तो हेझलला म्हणाला. "अगदी बरोबर होता. पहिल्यांदाच, हेझल." मग त्याला आठवलं की आपण काय सांगायला आलो होतो. म्हणाला की पडद्याअलीकडे त्याने तिला येताना बघितलं, पण पलीकडे, त्याच्या बाजूला, काही आलं नाही.

७

क्लेमने घंटेच्या कळीवर बोट ठेवलं होतं. ठेवलं होतं, दाबलं नव्हतं. टॅम्सिनने विचारलं, आता काय, संपलं ना?

तो म्हणाला, संपलं असं मला कळवावं लागतं. मागच्या केबिनीला सांगायचं की गाडी पुरी आली, वाट मोकळी आहे. दोन आणि एक. पण ते सांगायच्या आधी सिग्नलमनने एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असते, शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा. इंजिन मोजायचं नाही, डबे मोजायचे नाहीत. दिवा दिसला तर गाडी पुरी. नाही दिसला तर ती मध्ये कुठेतरी तुटली आहे आणि मागचा भाग आतच राहिला आहे.

"आणि मी बघितलाच नाही," क्लेम म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांत त्याने असं म्हटलं नसावं. "लोक पुढे झुकले. मला फक्त पाठी दिसल्या."

टॅम्सिनने डोळे मिटले होते. हेझल बटणाकडे बघत होती, डिग्बी रंगाकडे. राहिलं एकच माणूस, जे शेवटच्या डब्यापर्यंत टक लावून बसलं होतं आणि ज्याचे डोळे रुळांच्या रेषेत होते.

क्लेम गुडघ्यांवर हात टेकून वाकला. टोपीखालच्या चेहऱ्याला त्याने इतक्या अदबीने विचारलं, की तसं तो मोठ्या माणसांनाही कधी विचारत नसे.

"सिग्नलमन ताई, मागचा दिवा दिसला का?"

मेरिनने विचार केला.

"नाही," ती म्हणाली.

हेझलच्या हातातून चहाचा टॉवेल पडला. टॅम्सिनने आधी पोरीकडे पाहिलं, मग क्लेमकडे, दुसऱ्या कुणी म्हटलं का ते बघायला. मग ती चॅपलच्या थंड फरशीवर बसली, मेरिनला टोपीसकट कुशीत घेऊन, रडत आणि हसत, दोन्ही एकाच श्वासात. काय झालं ते हेझलने कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला, आणि अर्धं पोलग्रीन टाळ्या वाजवू लागलं, गाडीला वाजवल्या त्याहून जोरात. आजोबा डोळे पुसत होते. डिग्बीने आपल्या बशीतला केक मेरिनसमोर धरला, सगळाच्या सगळा. दोन वर्षं. दोन वर्षं तिने त्या आवाजाची वाट पाहिली होती, आणि तो अगदी साधा होता, जरा घोगरा, जोरीच्या वळणाचा. तिने मनात ठरवून टाकलं की कुठल्याही वाटेने आला असेना, ती भांडणार नाही.

फक्त क्लेम टाळ्या वाजवत नव्हता. त्याने कळीवरचं बोट काढून घेतलं होतं. तो बोगद्याकडे बघत होता, आणि टॅम्सिनने त्याच्या नजरेमागे नजर नेली तेव्हा तिला उशिराने, टाळ्यांच्या मधोमध, ऐकू आलं की आपली मुलगी काय म्हणाली.

तिने मेरिनचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गाल गरम होते, ओठांवर क्रीम होतं.

"काय नाही, राणी?" ती कुजबुजली. "परत सांग. आईला सांग."

मेरिनने तोंडातला घास नीट चावून गिळला. मग ती बोलली, न अडखळता, खूप दिवस याच गोष्टी कुणाशी तरी बोलत असल्यासारखी.

"दिवा नाही. मागच्या डब्यातले खाली उतरलेत, चालत येतायत. पुष्कळ आहेत, आई. विचारतायत, चहा उरलाय का."